एओपीए की ईएए? हौशी वैमानिकाने पैसे कुठे भरावेत

नमस्कार मंडळी! अमेरिकेत हौसेने उडणाऱ्यांचा तोच प्रश्न पुन्हा आलाय: सभासदत्व एओपीएचं घेऊ की ईएएचं?

ओळख झटपट उरकतो. एओपीए म्हणजे विमानमालक आणि वैमानिकांची संघटना, १९३९ची, मुख्यालय मेरीलँडमधल्या फ्रेडरिकला. ईएए म्हणजे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, १९५३ची, ऑशकॉशची, जुलैच्या विमानांच्या मेळ्यामुळे सगळ्यांना माहीत. टोपी कोण देतं, मासिक कुणाचं गुळगुळीत, यावर कमेंटमध्ये भांडणारे भांडोत बापडे.

विमान घरी बांधताय? मग ईएए, विचारच नको. तिथले स्वयंसेवक टेक्निकल काउन्सेलर प्रत्यक्ष येऊन काम बघतात. पंखाचा पत्रा रिवेट मारून बंद करण्याआधी त्यांना बोलवा. नंतर आतलं दिसणार कसं? शिवाय जवळच्या चॅप्टरला, म्हणजे स्थानिक शाखेला, एकदा जाऊन या. तिथली माणसं पटली, तर अर्धा निर्णय तिथेच झाला.

बांधायचं नाही, नुसतं उडायचंय, आणि मेडिकलची, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीची, धाकधूक आहे? मग एओपीए. सभासदांच्या शंकांना फोनवर उत्तर देणारी माणसं हा तिथला खरा माल. पण फोन आधी करायचा! मेडएक्सप्रेसवर, म्हणजे एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाच्या) वेबसाइटवर, मेडिकलचा फॉर्म भरलात, डॉक्टरने तुमचा कन्फर्मेशन नंबर टाकून तो उघडला, की तपासणी सुरू झाली. मग निकाल तीनच: मंजूर, एफएएकडे रवाना, नाहीतर नामंजूर. आणि शेवटच्या अर्जावर नामंजुरी बसली, की मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन्सवर स्पोर्ट पायलट म्हणून (म्हणजे साधी, छोटी विमानं) उडवण्याची वाटही बंद. एखादं जुनं औषध किंवा निदान अडचणीचं वाटत असेल, तर फॉर्मला हात लावण्याआधी विचारा.

कायदेशीर मदतीचंही तेच. साध्या सभासदत्वात वकील येत नाही! पायलट प्रोटेक्शन सर्व्हिसेस ही वेगळे पैसे भरून घ्यायची योजना आहे. निर्बंधित हवाई हद्दीत घुसलात, एफएएचं पत्र आलं आणि मग योजना घेतलीत, तर त्या प्रकरणाला तिचा उपयोग शून्य.

विमान भाड्याने घेणाऱ्यांनीही कान द्या. सभासद कार्ड म्हणजे विमा नव्हे. क्लबच्या पॉलिसीत तुम्ही धरलेले आहात का, हे चावी घेण्याआधी विचारा, धावपट्टीवर प्रॉपेलर आपटल्यावर नाही.

आता जे फुकट आहे त्यासाठी सभासद होऊ नका. बेसिकमेडचा (नेहमीच्या मेडिकलला असलेल्या सोप्या पर्यायाचा) एओपीएचा ऑनलाइन कोर्स आणि एअर सेफ्टी इन्स्टिट्यूटचे धडे सगळ्यांना खुले आहेत. नकळत चूक झाली, तर नासाच्या एएसआरएसला, म्हणजे उड्डाणातल्या चुका कळवण्याच्या योजनेला, १० दिवसांत रिपोर्ट पाठवा, म्हणजे एफएएच्या शिक्षेत सवलत मिळू शकते. त्यालाही पैसे नाहीत. अपघात आणि गुन्हा मात्र त्या सवलतीत बसत नाहीत.

"दोन्ही घेऊ का?" परवडत असेल तर खुशाल. पण स्वतःचं बोनान्झा (बीचक्राफ्टचं छोटं विमान) असेल, तर दुसरी वर्गणी अमेरिकन बोनान्झा सोसायटीला द्या. त्याच विमानाचं लँडिंग गिअर कुठे कुरकुरतं, हे तिथल्या लोकांना पाठ असतं.