जामीन मंजूर, पण सुटका नाही

श्रोतेहो, नमस्कार. न्यायालयाने जामीन मंजूर केला की माणूस संध्याकाळपर्यंत घरी येतो, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या आदेशात एक रक्कम आणि बहुधा जामीनदार हजर करण्याची अट असते. ज्याला हे दोन्ही जमत नाही, तो आदेश हाती असूनही तुरुंगातच राहतो.

समजा, बीडकडचा एखादा ऊसतोड मजूर हंगामात कोल्हापूर जिल्ह्यात असताना किरकोळ गुन्ह्यात अटक झाला आणि त्याला पंधरा हजारांचा जामीनदार आणायला सांगितले. जामीनदाराने सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, फोटो आणि मागितलाच तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला घेऊन, स्वतःचा रोजगार बुडवून न्यायालयात उभे राहायचे असते. परक्या तालुक्यात या मजुरासाठी एवढे कोण करणार? गावाकडचा भाऊ आला, तरी त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून कागद परत केले जाण्याची शक्यता राहते.

मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागण्यात आला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारली गेली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडीत काढून त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला. तरीही 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, हे पुन्हा सांगावे लागले. पंचेचाळीस वर्षांनंतरही गरिबाला त्याच उंबरठ्यावर अडवले जावे, याचा मला मनापासून संताप येतो.

2023 च्या त्याच आदेशानुसार, जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. महिनाभरात जामीनपत्र दिले गेले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते.

दंडाचेही असेच आहे. दोन हजारांचा दंड नोकरदाराला खटकतो आणि तो विसरतो. रोजंदारीवरच्या कुटुंबात त्यापायी किराणा थांबतो, आणि दंड भरलाच नाही तर जादा कैद भोगावी लागते. मात्र रक्कम भरताच ही कैद संपते आणि काही भाग भरला तरी त्या प्रमाणात ती कमी होते, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 8 मधली तरतूद अनेक घरांपर्यंत पोहोचलेलीच नाही. केवळ दंडाचीच शिक्षा असेल, तर न्यायालय तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. पण वकिलाने ते मागायला हवे.

केंद्राने 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तेव्हा काही गंभीर गुन्हे वगळता कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, कैद्याला जामिनासाठी 40 हजार आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी 25 हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली. अटकेत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळतो. आपल्या ओळखीतले कोणी असे अडकले असेल, तर विधी सेवेच्या 15100 या मदत क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जामिनाच्या आदेशाची प्रत घेऊन जा आणि रक्कम कमी करण्याचा अर्ज करायला सांगा.