ताकायामा : करापोटी सुतार देणारा मुलूख

(दृश्य : नागोया स्थानक. फलाटाला लागलेली हिदा एक्सप्रेस.)

नागोयाहून ताकायामाला जाणाऱ्या हिदा एक्सप्रेसमध्ये चढलात की आधी वाटतं, कुणीतरी घोटाळा केलाय. डब्यातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या तोंडाच्या. गाडी पुढं निघते आणि प्रवासी मागं बघत बसलेले. जपानमध्ये असं कसं, म्हणून शेजाऱ्याकडं बघावं तर तो निवांत डबा उघडून जेवायला लागलेला. वीसेक मिनिटांत गिफू येतं. तिथं गाडीची दिशा बदलते आणि पुढचे दोन तास सगळे सरळ तोंडानं डोंगरात शिरतात. वीस मिनिटांसाठी खुर्च्या दोनदा कोण फिरवणार, एवढाच हिशेब.

(दृश्य : खिडकीतून हिदा नदीची घळ, बोगदे, पूल.)

गिफूच्या पुढं सपाटी संपते. नदी कधी डावीकडं, कधी उजवीकडं. बोगद्यातून बाहेर आलो की पूल, पूल संपला की बोगदा. हा लोहमार्ग पुरता जोडला गेला १९३४ साली. त्याआधी इथं यायचं म्हणजे घाट चढायचे, आणि हिवाळ्यात बर्फ तुडवायचा.

ताकायामा वसलंय समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटरवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोलगट जागेत. २००५ मध्ये आसपासची गावं त्यात विलीन झाली आणि कागदोपत्री ते क्षेत्रफळानं जपानमधलं सर्वांत मोठं शहर झालं. २,१७७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ टोकियो महानगराएवढं. टोकियोत माणसं एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास, इथं नव्वद हजारही नाहीत. उरलेली जागा झाडांची. शहराच्या हद्दीतली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आहे.

हा आकडा लक्षात ठेवा. या गावात जे काही बघण्यासारखं आहे, ते त्यातून आलंय.

(दृश्य : डोंगरउतारावरचं दाट जंगल. मग रंधा मारणारे हात, उडणाऱ्या ढलप्या.)

जुन्या जपानमध्ये सारा भरायचा तो तांदळात, नाहीतर कापडात. हिदा म्हणजे ताकायामाभोवतीचा हा जुना प्रांत. या डोंगरात भातखाचरं थोडी, थंडी फार. कर भरणार कशातून? आठव्या शतकात सम्राटाच्या दरबारानं यावर तोड काढली. ७१८ सालच्या कायदेसंहितेत हिदा प्रांतासाठी वेगळं कलम आलं. कापडाचा आणि श्रमाचा कर माफ. त्याऐवजी दर पन्नास घरांच्या गावामागं दहा माणसं राजधानीत पाठवायची, बांधकामाला. वर्षभर तिकडं राबायचं, मग परत यायचं आणि पुढची तुकडी निघायची.

नाव काहीही द्या, होती ती वेठच. माफी म्हणावी तर घरची कर्ती माणसं वर्षभर परमुलखात. पण त्या वेठीनं एक गोष्ट झाली. नारा आणि क्योतोमधल्या देवळांवर, राजवाड्यांवर हात बसलेले सुतार पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरात परतत राहिले. ‘हिदाचा कारागीर’ हे जपानभर एक नाणं झालं. नागोयापासून इथवर ज्या गाडीनं आलो, तिचं नावसुद्धा त्याच हिदाचं.

(दृश्य : सानमाची. सकाळची वेळ, रिकामी गल्ली. कडेच्या पाटातून खळाळणारं पाणी.)

ही सानमाची, गावातली जुनी व्यापारी पेठ. १९७९ पासून सरकारी संरक्षणाखाली. दोन्ही बाजूंना काळपट तपकिरी लाकडाची घरं, पुढं बारीक लाकडी गजांची जाळी, कडेनं वाहत्या पाण्याचे पाट. पाणी शोभेचं नाही. गाव सगळं लाकडाचं, आणि आगीनं ते एकापेक्षा जास्त वेळा खाक झालेलं आहे.

इथं यायचं तर सकाळी आठच्या आत या. दहानंतर बस येऊन उभ्या राहतात आणि मग गल्लीत दिसतात फक्त डोकी, वर धरलेले फोन आणि बिन तोंडाच्या लाल बाहुल्यांची दुकानं. त्या बाहुलीला सारुबोबो म्हणतात. घ्यायची तर घ्या. संध्याकाळी पाचला दुकानं बंद होतात, गर्दी ओसरते. पण या जाळ्यांच्या मागं माणसं राहतात, तेव्हा फटीला डोळा लावून आत बघायचं नाही. एवढं सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

(दृश्य : दारूभट्टीच्या दारावर टांगलेला, ‘सुगी’ या जपानी सूचीपर्णी झाडाच्या पानांचा गोळा.)

हा जो झाडाच्या डहाळ्यांचा भलामोठा गोळा दारावर लटकतोय, ती साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्यांची पाटी. नवी साके तयार झाली की हिरवागार गोळा टांगतात. महिने जातात तसा तो तपकिरी होत जातो. गोळ्याचा रंग बघून आतला माल किती मुरलाय ते गिऱ्हाइकानं ओळखायचं. थंडी आणि डोंगरातलं पाणी, साकेला दोन्ही मानवतं. शेतीचं ज्यानं वाटोळं केलं, त्यानंच या पेठेला पैसा दिला.

(दृश्य : ‘ताकायामा जिन्या’ या जुन्या कचेरीचं प्रवेशद्वार. प्लास्टिकच्या पिशवीत बूट घेऊन आत शिरणारे पाहुणे.)

पेठेपासून नदी ओलांडली की जिन्या. शोगुनच्या, म्हणजे जपानवर प्रत्यक्ष सत्ता चालवणाऱ्या सेनापतीच्या, कारभाऱ्याची कचेरी. आधी इथं कानामोरी घराण्याची सत्ता होती, टेकडीवर त्यांचा किल्लाही होता. १६९२ मध्ये शोगुननं कानामोरींची बदली दूर उत्तरेला केली आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. (त्याच सुमारास आपल्याकडं जिंजीला मुघलांचा वेढा पडलेला होता आणि राजाराम महाराज आत होते.) किल्ला तीन वर्षांत पाडून टाकला. शोगुनला हवं होतं ते इथलं लाकूड आणि खाणींमधली धातू. त्यासाठी किल्ला लागत नाही, कचेरी पुरते. अशा कचेऱ्या जपानभर अनेक होत्या. मुख्य इमारत उभी आहे ती फक्त इथली. १९६९ पर्यंत तिथं सरकारी कामकाज चालू होतं.

बूट पिशवीत घालून हातात धरायचे आणि तातामी, म्हणजे जाड गवती चटयांवरून चालत जायचं. खोल्या रिकाम्या, स्वच्छ, थोड्या कंटाळवाण्या. पण तुळयांवर खिळे लपवायला लावलेल्या या धातूच्या पट्ट्या बघा.

(दृश्य : अगदी जवळून, सशाच्या आकाराचं खिळ्याचं झाकण.)

ससा. समोरून बघणारा, दोन कान वर केलेला. खोलीत नजर फिरवली की एकामागून एक दिसायला लागतात.

आता पुढच्या दालनात चला. खाली खडी अंथरलेली ही चौकशीची जागा. आरोपीनं खडीवर गुडघे टेकायचे, अधिकारी वर बसणार. बाजूला धारदार कंगोऱ्यांची फळी आणि दगड. फळीवर बसवायचं, मांडीवर दगड ठेवायचे. १७७१ ते १७८८ अशी अठरा वर्षं हिदाचे शेतकरी ओहारा नावाच्या कारभाऱ्याविरुद्ध आणि पुढं त्याच्या मुलाविरुद्ध झगडत होते. आधी लाकूडतोडीचं काम बंद झालं, मग नवी जमीनमोजणी, वाढीव सारा. अर्ज केले, मोर्चे आले, माणसांना देहदंड झाला. शेवटी मुलाला हद्दपार केलं. भिंतींवर एवढे कान असलेल्या कचेरीला ऐकू यायला अठरा वर्षं लागली.

सहलीच्या माहितीपत्रकात जिन्या म्हणजे ‘सुंदर बाग असलेली ऐतिहासिक वास्तू’. बाग सुंदर आहे, यात वाद नाही. पण वेळ कमी असेल तर बाग सोडा आणि मागचं तांदळाचं कोठार बघा. ज्या मुलखात तांदूळ जेमतेम पिकायचा, तिथं गोळा केलेल्या तांदळासाठी एवढं अवाढव्य कोठार.

(दृश्य : योशिजिमा वाडा. अंधाऱ्या ओसरीतून कॅमेरा हळूहळू वर.)

आणि आता माझी आवडती जागा. व्यापाऱ्यांकडं पैसा होता, पण शोगुनच्या काळात दिखाव्याला बंदी होती. सामान्य माणसानं घराला हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं, लाकूड वापरायचं नाही, असाही दंडक. ती राजवट १८६८ मध्ये गेली. मग १८७९ मध्ये कुसाकाबे या सावकारी घराण्यानं आगीनंतर घर बांधलं ते हिनोकीचं. आणि शेजारी १९०७ मध्ये उभं राहिलं साके गाळणाऱ्या योशिजिमांचं घर.

रस्त्यावरून ते बुटकंच दिसतं. आत पाऊल टाका आणि मान वर करा. छत नाही. सरळ आढ्यापर्यंत मोकळी पोकळी, आणि त्या पोकळीत उभ्या-आडव्या तुळयांचं जाळं. सांधे एकात एक बसवलेले. वरच्या झरोक्यातून आलेला उजेड एका तुळईवरून दुसरीवर उतरत खाली येतो. कोरीव काम नाही, रंगरंगोटी नाही. हजार वर्षं दुसऱ्यांची देवळं बांधलेल्या हातांनी आपल्या गावात काय केलं, ते इथं दिसतं. एखाद्या खांबाला तळवा लावून बघावासा वाटेल. मोह आवरा.

(दृश्य : मियागावाच्या काठचा सकाळचा बाजार. लाल सलगमांचं लोणचं विकणाऱ्या आजी.)

पोटाचं बघू. नदीकाठचा सकाळचा बाजार दुपारी बारापर्यंत. लाल सलगमाचं लोणचं, सफरचंदं, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. कोपऱ्यावर तांदळाच्या पिठाच्या गोळ्या काडीला टोचून भाजतात. इतरत्र त्या गोड असतात, इथं नुसत्या सोया सॉसच्या, खारट. मला विचाराल तर हीच बरी. हिदाचं गोमांस प्रसिद्ध आहे, खाणारे त्यासाठीच येतात.

पण खरा डोंगरी पदार्थ होबा मिसो. होओ नावाच्या झाडाचं वाळलेलं रुंद पान कोळशाच्या शेगडीवर ठेवायचं, त्यावर मिसो, कांद्याची पात, आळंबी. आपल्या पानगीसारखंच पान पदार्थाला वास देतं. आणि हे झाड निघालं आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं. पान कडेनं करपायला लागलं की गरम भाताबरोबर खायचं. शाकाहाऱ्यांनी मात्र आधी विचारावं. साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर मासा आपोआप वगळला जात नाही. देवळातल्या भिक्षूंचं जेवण, शोजिन र्‍योरी, हा भरवशाचा मार्ग. थोडा महाग.

बहुतेक सहलींत ताकायामा आणि शिराकावा-गो एकाच दिवसात उरकतात. बसनं पन्नास मिनिटं, १९९५ पासून जागतिक वारसा, उतरत्या गवती छपरांची घरं. जरूर जा, पण ताकायामात एक रात्र काढून मग जा.

(दृश्य : गल्लीच्या टोकाला पांढऱ्या भिंतींची, उंचच उंच दारांची कोठी. दार बंद.)

गावात फिरताना ही अशी कोठारं मधूनमधून लागतात. जाड मातीच्या भिंती, वरपर्यंत गेलेलं अरुंद दार. आत रथ आहेत. वसंतातल्या जत्रेचे बारा, १४ आणि १५ एप्रिलला निघणारे. शरदातले अकरा, ९ आणि १० ऑक्टोबरचे. गावाच्या दक्षिण भागाची जत्रा वेगळी, उत्तर भागाची वेगळी, आणि प्रत्येक रथ त्या त्या आळीच्या मालकीचा. २०१६ मध्ये जपानमधल्या अशा ३३ रथोत्सवांची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, त्यांत हे आहेत.

घरावर उधळता येत नव्हता तो पैसा व्यापाऱ्यांनी रथांवर ओतला. लाखेचं रोगण, सोन्याचा वर्ख, आणि एकोणिसाव्या शतकातल्या तानिगुची योरोकुसारख्या मूर्तिकाराचं कोरीव काम. वसंतातल्या किरिनताई या रथावर त्याची खेळणारी मुलं आहेत आणि एका टोपलीखाली कोंबडा आहे. टोपली आणि आतला कोंबडा एकाच लाकडातून कोरलेले, टोपलीच्या विणीतून हत्यार आत घालून. शरदातल्या होतेईताईवर कळसूत्री बाहुल्या नाचतात, त्यांच्या दोऱ्या ३६. बाहुली झोक्यावरून झोक्यावर उडी घेते आणि खाली सगळी गर्दी श्वास रोखते.

अरुंद गल्लीत एवढा रथ वळवायचा कसा? पोटाखाली एक पाचवं चाक दडवलेलं असतं. कोपऱ्यावर ते खाली सोडायचं, रथ एका बाजूनं उचलायचा आणि त्या चाकावर फिरवायचा.

जत्रेच्या दिवसांत जायचं तर मुक्कामाची सोय कित्येक महिने आधी करा. आणि पाऊस आला तर? रिमझिम असली तरी रथ कोठीबाहेर काढत नाहीत, रोगण आणि वर्ख भिजवायला कुणी तयार नसतं. मग साकुरायामा हाचिमान देवळाच्या आवारातलं रथांचं संग्रहालय गाठा. शरदातले चार रथ तिथं आलटूनपालटून ठेवलेले असतात. काचेआड, कोरडे, आणि कोरीव काम जवळून बघायचं तर जत्रेपेक्षा तिथंच बरं दिसतं.