न रडणारं बाळ

मूल रडलं म्हणजे त्याला त्रास झाला, नाही रडलं म्हणजे ते मजेत आहे, असं आपण सगळेच धरून चालतो. "आमची छकुली कुणाकडेही राहते हो, मी गेले तरी डोळ्यांत टिपूस नाही," हे आया किती कौतुकानं सांगतात! लहान मुलांच्या भावना मोजायला बसलं की पहिली ठेच इथेच लागते.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ साली युगांडात घरोघरी बसून आई आणि बाळ यांचं निरीक्षण केलं. पुढे अमेरिकेत, बाल्टिमोरला, त्यांनी एक प्रयोग बसवला. एक अनोळखी खोली, थोडी खेळणी, आई आणि साधारण वर्षाचं बाळ. मग एक परकी बाई आत येते. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. एकूण आठ छोटे प्रवेश, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. बाळाला जास्तच रडू आलं, तर आईला लगेच आत पाठवतात.

आता गंमत बघा. आई गेल्यावर बाळ किती रडलं, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, याला एन्सवर्थबाईंनी जास्त महत्त्व दिलं. एखादं बाळ हमसून हमसून रडतं, आई दिसताच हात वर करतं, तिच्या खांद्यावर डोकं टेकतं आणि मिनिटभरात पुन्हा खेळण्याकडे वळतं. दुसरं आईला बिलगतंही आणि तिला लाथाही मारतं. आणि तिसरं आई गेली तरी रडत नाही, आली तरी मान फिरवून ठोकळे रचत बसतं. हे तिसरं बाळ पाहून आपण म्हणू, किती शहाणं बाळ!

१९७७ मध्ये स्राउफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा न रडणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहरा शांत, हात ठोकळ्यांवर, आणि ठोके मात्र वाढलेले. मला ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. इतक्या लहान वयात मूल आपला त्रास लपवायला शिकलेलं असू शकतं.

पण हीच फूटपट्टी सगळीकडे लावली की घोटाळा होतो. जपानमध्ये साप्पोरोला ६० बाळांवर हाच प्रयोग झाला, १९८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे मान फिरवणारं एकही बाळ निघालं नाही, आणि जवळजवळ एक तृतीयांश बाळं शांतच होईनात. त्यांना आईशिवाय राहायची सवयच नव्हती. आपल्याकडच्या आजी-आत्यांच्या कडेवर वाढणाऱ्या बाळाला ती परकी बाई कितपत परकी वाटेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

मूल थोडं मोठं झालं की त्याच्या वागण्याबद्दल आपण आई-वडिलांना, शिक्षकांना प्रश्नावली देतो. मानसशास्त्रज्ञ आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये असे ११९ अभ्यास एकत्र करून उत्तरं किती जुळतात ते पाहिलं. मुलाला एकाच भूमिकेतून बघणाऱ्यांचा, म्हणजे आई आणि वडील यांचा मेळ ०.६० च्या आसपास होता. पालक आणि शिक्षक यांच्यासारख्या वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांचा मात्र ०.२८ च्या आसपास. एक म्हणजे तंतोतंत मेळ, शून्य म्हणजे काहीच नाही. मग खोटं कोण बोलतंय? माझं ठाम मत आहे, बहुतेक वेळा कुणीच नाही.

आपला 'रुसणं' हा शब्द घ्या. "रुसतो का?" यावर आई लिहिते "नेहमी", बालवाडीच्या ताई लिहितात "कधीच नाही". रुसायला समजूत काढणारं माणूस लागतं. पंचवीस पोरांच्या वर्गात कोपऱ्यात तोंड फुगवून बसलं तर डबा खायची वेळ निघून जाते, हे तीन वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. या दोन उत्तरांची सरासरी काढली तर हातात येतो तो "कधीकधी", आणि असं मूल तर घरातही नसतं, वर्गातही नसतं.

म्हणून मी हल्ली नोंदीच्या कागदावर 'रुसतो का' याच्या शेजारी आणखी एक रकाना आखते: 'कुणावर?'