‘आऊट झालाय, झोपू दे’ : पेंग, झिंग आणि गुंगी यांचे शब्द

नमस्कार मंडळी. टाईट, टल्ली, तर्र आणि आऊट या शब्दांत नेमका फरक काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी पुन्हा पुन्हा विचारला आहे, म्हणून आजचा व्हिडिओ झोप, दारू आणि नशा यांसाठी आपण बोलताना जे शब्द वापरतो त्यांच्याविषयी आहे.

सोपा भाग आधी आटोपते. भात खाल्ल्यावर झापड येते, व्याख्यानात पेंग येते, एसटीत डुलकी लागते आणि पहाटे साखरझोप लागते. पिणारा आधी रंगात येतो, मग टाईट होतो, मग तर्र किंवा टल्ली होतो, त्याचे विमान उडते आणि अखेरीस तो आऊट होतो. हा क्रम गावागणिक थोडाफार बदलतो, पण तो सर्वांच्या ओळखीचा आहे.

मापांविषयी मात्र थोडे बोलायला हवे. शेर बाजारातून कधीच गेला, तरी ‘नवटाक मारली’ आणि ‘पावशेर टाकून आला’ हे बोलण्यात टिकून आहे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग आणि पावशेर म्हणजे चौथा. त्यांच्या शेजारी आता 180 मिलिलीटरची क्वार्टर आणि 750 मिलिलीटरचा खंबा येऊन बसले आहेत. एका दर्शकांनी लिहिले आहे की नवटाकाने काही होत नाही. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, गाडी चालवणाऱ्याच्या बाबतीत कायदा नवटाक की खंबा हे विचारत नाही, तो 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आहे का, एवढेच पाहतो.

आता ज्या ठिकाणी बहुतेकांची गफलत होते, तिकडे वळते. या अवस्थांचा खरा भेद नामात नसून क्रियापदात आहे. झोप येते आणि लागते. दारू चढते आणि उतरते. तापात ग्लानी येते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात आणि रेल्वेत चोर गुंगीचे औषध देतात, म्हणजे तिथे देणारा कोणी दुसरा असतो. पोलिसांच्या कागदात माणूस ‘दारूच्या अंमलाखाली’ असतो. पेशव्यांचा अंमल म्हणतो तोच हा शब्द, कारण त्या वेळी माणसावर सत्ता दुसऱ्याच कशाची तरी चालते. इतकी बारीक सोय आपल्या भाषेने करून ठेवलेली असताना आपण सगळ्यांना सरसकट ‘आऊट’ म्हणतो आणि पुढे ‘झोपू दे त्याला’ हे वाक्य जोडतो. माझी तक्रार या वाक्याविषयी आहे. हाक मारून, खांदा हलवून जो जागा होतो तो झोपलेला असतो. जो जागा होत नाही तो बेशुद्ध असतो, आणि त्याला झोपलेला म्हटले की आजूबाजूचे सगळे निश्चिंत होतात.

हीच गोष्ट ‘उतरणे’ या क्रियापदाच्या बाजूने पाहा. चढलेली वस्तू खाली उतरवता येते, म्हणून लिंबू, ताक, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी असे उपाय सुरू होतात. दारू पचवण्याचे काम मुख्यतः यकृत करते आणि ते आपल्या गतीनेच करते. लिंबाने ती गती वाढत नाही. उलट, शेवटचे पेले घाईने रिचवलेले असतील तर माणूस आडवा झाल्यावरही पोटातील दारू रक्तात मिसळत राहते. म्हणजे आपण ‘आता उतरेल’ म्हणत असताना ती चढतच असते. अशा वेळी श्वास मंदावू शकतो, आणि उताणे पडलेल्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवणे हे पहिले काम आहे. वामकुक्षीत जशी डावी कूस खाली असते, तसेच वळवावे आणि जवळ कोणीतरी बसून राहावे.

तिसरी बाजू माझ्या घरातील आहे. एका लग्नात माझे मामा, ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, अडखळत बोलू लागले, त्यांना दरदरून घाम फुटला आणि तोल जाऊ लागला. मांडवातून लगेच आवाज आला, ‘मामा टाईट झाले वाटतं.’ मामांना मधुमेह आहे, जेवणाला उशीर झाला होता आणि रक्तातील साखर उतरली होती. ते शुद्धीवर होते म्हणून मामींनी साखरेचे पाणी पाजले आणि ते सावरले. शुद्ध नसती तर तोंडात काहीही घालणे धोक्याचे ठरले असते. एका सवयीच्या शब्दाने तिथे मोलाचा वेळ जाणार होता, याचा मला आजही राग येतो.

माणसाला चिकटणाऱ्या नावांचेही असेच आहे. दर 31 डिसेंबरला बातम्यांत ‘तळीराम’ लाडाने अवतरतात. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील तळीराम सुधाकराच्या हाती प्याला देतो आणि त्या घराची राखरांगोळी होते, हे त्या लाडात हरवते. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढणाऱ्याला आपण ‘गर्दुल्ला’ म्हणून मोकळे होतो. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात त्याच माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि मला तो शब्द अधिक खरा वाटतो. गर्द सुटताना अंग मोडते, नाक-डोळे वाहतात, झोप उडते. त्या यातनांना हे लोक ‘टर्की’ म्हणतात.

गोळ्यांची टोपणनावे तर कानाला खेळण्यांसारखी लागतात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’, मराठवाड्यात ‘बटण’. प्रत्यक्षात ही अल्प्राझोलम आणि नायट्राझेपाम यांसारखी, चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधे आहेत. दारूही श्वास मंद करते आणि या गोळ्याही करतात, म्हणून दोन्ही एकत्र घेतलेला माणूस ‘आऊट’ दिसला तर वाट पाहत बसू नये.

108 क्रमांकावर फोन केल्यावर काय सांगावे, असे एका ताईंनी विचारले आहे. ‘टाईट आहे’ असे सांगू नका. हाक मारल्यावर डोळे उघडतो का, श्वास मिनिटाला किती वेळा घेतो, ओठ निळसर दिसतात का आणि त्याला मधुमेह आहे का, हे सांगा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील तर ते सर्वांत आधी सांगा, आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सापडले तर ते रुग्णवाहिकेतील डॉक्टरांच्या हाती द्या.