न कापणारा चाकू

मागच्या रांगेतले हसले, म्हणजे त्यांच्याकडे स्किन आहेत. पुढे बसलेल्या पालकांसाठी सांगतो. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या ऑनलाइन गेममध्ये २०१३ पासून बंदुका आणि चाकूंना रंगीत रूप मिळतं, तीच स्किन. त्याने नेम सुधारत नाही. तरी एकेक चाकू हजारोंना जातो, काही लाखांच्या घरात. नाकं मुरडू नका, गाडीला ०००१ नंबर मिळावा म्हणून आरटीओत लाखो भरणारे आपल्यातच आहेत.

तर, माझा भाचा. ऑनलाइन ओळख झालेल्या कुणीतरी त्याला लिंक पाठवली, 'आमच्या टीमला मत दे ना.' साइटवर स्टीमची, म्हणजे हा गेम आणि त्यातल्या वस्तूंचे सौदे जिथे चालतात त्या दुकानाची, लॉगिन खिडकी उघडली. ती खिडकी नव्हतीच, पानावर काढलेलं चित्र होतं, अगदी पत्त्याच्या पट्टीसकट! पठ्ठ्याने पासवर्ड दिला, मोबाइलवरचा कोडही दिला. आणि मग काय झालं? काही नाही. मला चोराचं कौतुक वाटतं ते इथे. त्याने खात्यावर गुपचूप एक एपीआय की, म्हणजे डिजिटल किल्ली, काढून ठेवली आणि वाट पाहत बसला. ही की हातात असली की बाहेरच्या प्रोग्रामला तुमचे सौदे दिसतात, रद्दही करता येतात. काही आठवड्यांनी भाच्याने चाकू विकायला काढला. खरी ऑफर क्षणात रद्द झाली आणि तिच्या जागी हुबेहूब दुसरी आली. गिऱ्हाइकाचं नाव तेच, फोटो तोच, खातं मात्र चोराचं. समोरचं खातं कधी उघडलंय, हे मंजुरीच्या वेळी मोबाइलवर दिसतं. वाचतो कोण? भाच्याने स्वतःच्या अंगठ्याने मंजुरी दिली. माझी बहीण म्हणाली, "चाकू गेला ना? बरं झालं, घरात नकोच."

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय राहिलाच की!

माझं म्हणणं एवढंच, की या बाजारात पासवर्डपेक्षा उशीर जास्त कामाला आला. महिन्याला सुमारे ७७,००० खाती लुटली जातात, असं स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१५ च्या डिसेंबरात स्वतःच सांगितलं. गेलेल्या वस्तूंच्या प्रती काढून द्याव्यात, तर सगळ्यांच्याच मालाचा भाव पडतो. म्हणून मोबाइल ऑथेंटिकेटर, म्हणजे फोनवर कोड आणि मंजुरी देणारी सोय, नसलेल्यांचे सौदे त्यांनी काही दिवस अडवून धरायला सुरुवात केली. २०१८ मध्ये काउंटर-स्ट्राइकची वस्तू हातात आल्यावर ७ दिवस पुढे देता येईना. व्यापाऱ्यांनी बोंब ठोकली. जुलै २०२५ पासून तर ७ दिवसांच्या आत सौदा उलटवता येतो. चोराला माल पुढे सरकवायची घाई असते, तीच मारली.

आता भराभर. आज घरी जाऊन स्टीमचं एपीआय कीचं पान उघडा. तुम्ही न काढलेली की दिसली तर रद्द करा, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा, पासवर्ड बदला, ट्रेड लिंक, म्हणजे सौद्याच्या ऑफर जिच्यावर येतात ती लिंक, तीही नवी घ्या. बँकेतून किंवा यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

प्रश्न घेतो. नाही, आधी पुढची रांग. कार्ड त्यांचं जोडलेलं असतं.