शिसं ओळखणारा पापुद्रा

[दृश्य: नितळ पाण्याचा पेला, प्रकाशासमोर धरलेला]

या पाण्यात शिसं आहे. दिसत नाही, वास येत नाही, चवही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. कॅडमियमची तर अवघी ३. इतकं कमी प्रमाण मोजणारी यंत्रं महागडी, आणि ती सहसा नदीकाठी नेता येत नाहीत. नमुना बाटलीत भरायचा, आम्ल घालायचं, पाठवायचा आणि अहवालाची वाट पाहायची.

[दृश्य: काचेच्या बशीतून चिमट्याने सोडवला जाणारा पारदर्शक पापुद्रा]

पाण्यातलं शिसं जागेवरच ओळखू पाहणारी ही फिल्म कायटोसानची. कोळंबी-खेकड्यांच्या कवचात कायटिन असतं. ते तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान मिळतं. साध्या पाण्यात ते विरघळत नाही, सौम्य ॲसिटिक आम्लात मात्र विरघळतं. तयार होणारं चिकट, किंचित पिवळसर द्रावण बशीत ओतून सुकवायचं. आत बुडबुडे राहिले, तर फिल्म वाया गेली म्हणून समजा.

कायटोसानच्या लांब साखळीवर जागोजागी अमाईन गट असतात. त्यातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि तिथेच धातूचा आयन अडकतो.

अडकला, पण कळणार कसं? एक उपाय म्हणजे फिल्ममध्येच डायथिझोनसारखा, धातूशी जोडला की रंग बदलणारा अभिकर्मक मिसळायचा. शिशाशी जोडला गेला की तो लालसर होतो.

[दृश्य: फिल्मच्या कडेने चढत जाणारा लालसर रंग]

दिसायला सुरेख! पण खरी अडचण इथूनच सुरू होते. डायथिझोन जस्ताशीही लालसरच होतो, आणि जस्त पाण्यात सर्रास सापडतं. शिवाय पाणी आम्लधर्मी असेल, तर अमाईन गट धातूऐवजी हायड्रोजनचे आयन धरून बसतात आणि फिल्म फुगून विरघळू लागते. ग्लुटाराल्डिहाइडने साखळ्या एकमेकींना बांधल्या की ती टिकते. पण या बांधणीत खर्च होतात ते धातू पकडणारे अमाईन गटच! टिकाऊपणा वाढवावा, तर पकड कमी होते. संशोधकांची बरीचशी मेहनत हा तोल साधण्यातच जाते.

[दृश्य: लाल झालेल्या पट्ट्या वेगळ्या काढणारे हात]

म्हणून अशा फिल्मकडून नेमका आकडा मागण्यापेक्षा चाळणी करून घेणं शहाणपणाचं. अनेक ठिकाणचं पाणी जागेवरच तपासायचं आणि रंग बदलला, तेवढेच नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे.