आकृती वजा करून बघा

नमस्कार श्रोतेहो.

अमूर्त, म्हणजे ओळखीची आकृती नसलेल्या चित्राकडे वळलेल्या विद्यार्थ्याला विचारा, कुणाचं काम बघतोस? दहांतले आठ जण सांगतील, गायतोंडे. उत्तर चांगलं आहे, पुढची वाट मात्र बहुतेक वेळा चुकते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रंग लावायला रोलर आणि सुरी वापरायचे, एवढं कळलं की रोलर विकत येतो आणि आठवड्याभरात एक धूसर कॅनव्हास तयार होतो. तो दिसतो गायतोंडेंसारखा, आणि आत काहीच नसतं.

गायतोंडे स्वतः कसे शिकले ते बघा. युरोपातला चित्रकार पॉल क्ले, त्याचं काम त्यांना जवळचं होतं, आपली लघुचित्रंही होती. लघुचित्रांचा अभ्यास करताना त्यांनी त्यातल्या आकृत्या वजा केल्या आणि नुसतं रंगांचं प्रमाण बघायला सुरुवात केली. म्हणजे उचलायची ती वजाबाकी. आणि ती करायला समोरचं चित्र अमूर्त असायची गरज नाही. उलट नसलेलं बरं, कारण वजा करायला काहीतरी हवं ना!

म्हणून कोल्हापूरच्या मुलांनी आधी आबालाल रहिमान बघावेत. 1931 साली गेलेले, शाहू महाराजांच्या आश्रयातले, कोटितीर्थ आणि रंकाळा या तळ्यांच्या परिसरात रमलेले हे निसर्गचित्रकार. सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात त्यांचं काम बघायला मिळतं. एका फेरीत एकच निसर्गचित्र निवडायचं. चार बघितली की चारही पुसट होतात.

सोबत पेन्सिली दोन, एचबी आणि सिक्सबी, आणि साधी वही. चित्रापासून तीन पावलं मागं उभे राहा. हात ताठ करून पेन्सिलीवर चित्राची उंची आणि रुंदी मापा आणि त्याच प्रमाणात वहीत चौकट काढा, आठ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. आता डोळे किलकिले करा. झाड, घाट, पाणी ही नावं विसरायची. टोन तीनच : कागदाचा पांढरा, एचबीचा करडा, सिक्सबीचा गडद. आकार जास्तीत जास्त पाच. पहिल्या प्रयत्नात हमखास फांदी काढली जाते. फांदी दिसली की ती चौकट सोडून शेजारी दुसरी करायची.

मोबाइलवर फोटो काढून घरी करू, असं वाटतं. परवानगीचा प्रश्न आहेच, पण खरी अडचण वेगळी. कॅमेरा सावल्या आपोआप उजळतो, त्यामुळं तुमचा गडद भाग मोजण्याआधीच बदललेला असतो.

घरी आल्यावर चौकटीवर ट्रेसिंग पेपर ठेवून उभे दहा, आडवे दहा असे शंभर भाग पाडा आणि मोजा. समजा, गडद 14 भरले, करडे 34, उजळ 52. आता 20 सेंटिमीटरची कागदाची पट्टी घ्या. तिच्यावर गडद 2.8, करडा 6.8 आणि उजळ 10.4 सेंटिमीटर. चित्रातला विषय गेला, तोल हातात राहिला. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण गडद रंग आपल्या अंदाजाच्या निम्माच निघतो, हा धक्का मोजल्याशिवाय बसत नाही.

आता रंगवायला रंग तीन आणि पांढरा : अल्ट्रामरीन म्हणजे निळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा. काळ्याची ट्यूब बंदच ठेवा. निळा आणि सिएना मिसळून येणारा गडद थंडीकडे किंवा उबेकडे झुकवता येतो, काळ्यानं सगळ्या सावल्या एकाच जातीच्या होतात. अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, म्हणून त्याच कागदाच्या कोपऱ्यात ठिपका लावून तो वाळू द्या, मग ठरवा. पावसाळ्यात त्याला वेळ लागतो, घाई केली की प्रमाण बरोबर आणि टोन चुकलेला, असं होतं.

आता कडा. इथंच बहुतेकांचं चित्र मरतं. जलरंगात ओल्यावर ओला रंग गेला की कड विरघळते, कोरड्यावर गेला की धारदार राहते. समोरच्या चित्रात धारदार कडा किती आणि कुठं आहेत, ते वहीत खुणेनं नोंदवा. थोड्याच असतील, आणि नजर तिथंच थांबत असेल. आपण मात्र चिकटपट्टी लावून सगळ्या कडा सारख्या करतो, मग चित्राची फरशी होते. तैलरंगात करत असाल तर खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्यात जवसाचं तेल जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

पट्टीवरून पाच छोटी चित्रं करा, पण दर वेळी एकच गोष्ट बदला. एकात गडद वर न्या. दुसऱ्यात टोन तेच ठेवून निळ्याच्या जागी ऑकर. तिसऱ्यात फक्त कडा उलट्या. सगळं एकदम बदललं तर कशामुळं काय झालं, ते कळत नाही. पाचही भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघा. एखाद्यात अजून कोटितीर्थाचं पाणी दिसत असेल तर पाण्यासारखी वाटणारी आडवी पट्टी उभी करून बघा.

हे जमलं की कोल्हापुरातच राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे यांचं कलासंग्रहालय आहे. तिथली पेस्टलमधली, म्हणजे रंगीत खडूंची निसर्गचित्रं घ्या. माध्यम कोरडं, त्यामुळं कडांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.